करंट लावून स्तनाच्या कॅन्सरची तपासणी : यात कितपत तथ्य आहे?

रानजाई
मंडळी, जरा घाईत लिहितेय. आमच्या सोसायटीत पुढच्या महिन्यात महिलांसाठी आरोग्य शिबिर आहे. ग्रुपवर पत्रक आलंय त्यात लिहिलंय की रेडिएशन नाही, दाबणं नाही, दुखणं नाही, काही मिनिटांत स्तनाच्या कॅन्सरची तपासणी. पत्रकावरच्या नंबरवर फोन केला तर एका मुलीने सांगितलं की हातात मावेल एवढं यंत्र आहे, त्यातून अगदी बारीक करंट सोडतात आणि गाठ असेल तर तिथून करंट वेगळा जातो म्हणे.

माझं वय ४४. सख्ख्या मावशीला झाला होता, त्यामुळे डोक्यात कायम किडा असतो. मागच्या मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) रिपोर्टात 'डेन्स', म्हणजे दाट, असं लिहिलं होतं आणि वर सोनोग्राफीही करायला लावली. त्या मशीनमध्ये जे दाबतात ना, ते मला अजिबात सहन होत नाही, अक्षरशः डोळ्यांत पाणी येतं. म्हणून विचारतेय, करंटने कॅन्सर ओळखता येतो यात खरंच काही शास्त्र आहे का? आणि असेल तर मॅमोग्राफीऐवजी हेच केलं तर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

तिखटमीठ
वाचतेय. अगदी असंच पत्रक आमच्या ऑफिसातही आलं होतं.

खडूस_पण_खरा
आमच्याकडे दिवसातून चारदा लाईट जाते, तपासणी अर्ध्यातच राहायची :)

ओहमकाका
खडूस, ही यंत्रं बॅटरीवरही चालतात हो.

रानजाई, आधी शास्त्राबद्दल. थोतांड अजिबात नाही. माझं आयुष्य सेन्सर आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गेलं त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा. आपल्या पेशींच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे खारं पाणी असतं, म्हणजे करंट वाहायला मोकळी वाट, पण प्रत्येक पेशीभोवती चरबीचं अतिशय पातळ पटल असतं आणि ते कपॅसिटरचं, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागाचं, काम करतं. कमी फ्रिक्वेन्सीचा करंट त्या पेशींना वळसा घालून जातो, आणि फ्रिक्वेन्सी वाढवत नेली, काही किलोहर्ट्झपासून मेगाहर्ट्झपर्यंत, की तो पटलातून आरपार जायला लागतो. अडथळा किती झाला आणि करंट व्होल्टेजच्या किती पुढेमागे सरकला हे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना मोजलं की आत पेशी किती दाटीने आहेत, पाणी किती आहे, पटलं कशी आहेत याचा अंदाज बांधता येतो. याला इम्पिडन्स म्हणतात. जिममध्ये अनवाणी उभं राहिलं की फॅट किती टक्के ते सांगणारा काटा असतो ना, तो हेच करतो, बहुतेक काट्यांत ५० किलोहर्ट्झला.

आता गाठीचं. चरबीत पाणी कमी म्हणून अडथळा जास्त. कॅन्सरच्या गाठीत पेशींची दाटी, पाणी जास्त, नव्या रक्तवाहिन्या, त्यामुळे आजूबाजूच्या चरबीच्या मानाने करंट तिथून बराच सहज जातो. आणि हे काही कालपरवाचं नाही. १९२६ साली अमेरिकेत ह्यूगो फ्रिके आणि स्टर्न मोर्स यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या स्तनाच्या गाठी २० किलोहर्ट्झला मोजल्या आणि कॅन्सरच्या गाठींची कपॅसिटी साध्या गाठींपेक्षा जास्त भरली. याच फ्रिकेसाहेबांनी त्याच्या आदल्या वर्षी तांबड्या रक्तपेशींवर असंच मोजमाप करून पटलाची जाडी ३.३ नॅनोमीटर काढली होती, तेव्हा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा जन्मही झाला नव्हता. मला आजही याचं फार अप्रूप वाटतं.

तेवढं एक सांगून ठेवतो, पेसमेकर असलेल्यांनी असल्या कुठल्याही यंत्राला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

रानजाई
काका, खूप सोपं करून सांगितलंत, धन्यवाद. म्हणजे करून घ्यायला हरकत नाही तर?

डॉ_चिमणी
थांब गं, एवढ्यात ठरवू नकोस.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज मॅमोग्राफी आणि ब्रेस्ट सोनोग्राफीच बघते. काकांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे, पण फ्रिके-मोर्सनी मोजल्या त्या गाठी शरीराबाहेर काढलेल्या होत्या. तुझी गाठ, देव करो आणि नसो, पण असली तर ती कातडीच्या आत, चरबीच्या आत, दुधाच्या ग्रंथींच्या मध्ये कुठेतरी असणार. खरी मारामारी तिथे आहे.

या तत्त्वावरचं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे टी-स्कॅन २०००, इस्रायलच्या कंपनीचं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) त्याला परवानगी दिली, पण कशासाठी ते नीट बघ : मॅमोग्राफीत ठामपणे इकडे की तिकडे सांगता येत नाही अशा केसमध्ये जोडीला वापरायचं म्हणून. मॅमोग्राफीच्या जागी वापरायचं म्हणून नव्हे. मी शिकत असताना एका कॉन्फरन्सला त्याचा डेमो बघितला होता. बाईच्या एका हातात धातूची दांडी द्यायची, स्तनावर जेल लावून चौकोनी प्रोब ठेवायचा, त्यात इलेक्ट्रोडची जाळी. दांडीतून शिरलेला करंट अंगातून त्या जाळीपर्यंत येतो आणि जिथे वाट सोपी तिथे स्क्रीनवर पांढरा ठिपका उमटतो. आता गंमत अशी की निपलवर ठेवला की ठसठशीत पांढरा ठिपका येतो, कारण दुधाच्या नळ्या तिथेच एकत्र येतात. कातडीवर ओरखडा असेल तर ठिपका. तीळ असेल तर ठिपका. जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला किंवा प्रोब नीट टेकला नाही तरी चित्र बिघडणार, बारीक अंगाच्या बाईची बरगडी जवळ आली की तीही उमटणार. डेमो देणारी बाई दर वेळी प्रोब उचलायची, जेल पुसायची, पुन्हा लावायची आणि ठिपका हलतोय का तिथेच राहतोय ते बघायची. फार कौशल्याचं काम होतं ते. आणि हे सगळं वरच्या काही सेंटिमीटरपुरतं, छातीच्या भिंतीजवळची गाठ असेल तर सिग्नल फारच क्षीण.

पुढे तरुण बायकांसाठी त्याची सुधारित आवृत्ती काढली आणि अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड हॉस्पिटलच्या पुढाकाराने मोठी चाचणी झाली. निरोगी बायकांपैकी साधारण ९५ टक्के जणींना यंत्राने बरोबर सोडलं, ही जमेची बाजू. पण ज्यांना खरोखर कॅन्सर होता त्यातल्या निम्म्यासुद्धा पकडता आल्या नाहीत. ज्या यंत्राचा 'सगळं ठीक आहे' हा निरोप निम्म्याहून जास्त कॅन्सरच्या बायकांना मिळतो, त्याच्या भरवशावर मॅमोग्राफी सोडायची नाही. एवढं माझं स्पष्ट मत.

तिखटमीठ
बाप रे. हे पत्रकात कुणी लिहिणार नाही.

बीई_फायनल
नमस्कार, मी वाचकच असतो पण या विषयावर राहवलं नाही. आमच्या प्रोजेक्टला हाच विषय होता! इंटरनेटवर स्तनाच्या टिश्यूंच्या इम्पिडन्सचा डेटासेट मोफत मिळतो, फ्रान्सच्या जोसिने यांच्या मोजमापांवरचा, त्यात १०६ नमुने आहेत आणि प्रत्येकाचे नऊ आकडे, ५०० किलोहर्ट्झचा फेज अँगल वगैरे. आमच्या मॉडेलला मस्त अ‍ॅक्युरसी आली, एक्स्टर्नल पण खूश झाले. डॉक्टर म्हणतात तेवढं निराशाजनक मला वाटत नाही, एआय लावलं तर ठिपका खरा की खोटा हे मशीनच सांगेल ना?

डॉ_चिमणी
बाळा, प्रोजेक्ट छानच केलास. पण त्या १०६ मध्ये कॅन्सरचे नमुने किती ते आठवतंय का? २१. बाकी फायब्रोअ‍ॅडेनोमा, मॅस्टोपथी (दोन्ही कॅन्सर नसलेले बदल), ग्रंथी, संयोजी ऊती आणि चरबी. आणि तेही सगळे ऑपरेशनमध्ये काढून लगेच मोजलेले तुकडे, मध्ये कातडी नाही, बरगडी नाही, घाम नाही. एआयला जे दाखवलं तेच तो शिकणार.

कॅल्क्युलसप्रेमी
मला यातल्या वैद्यकातलं कळत नाही पण गणिताची बाजू फार देखणी आहे म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही, अवांतर वाटलं तर क्षमस्व.

बाहेरून करंट सोडून, बाहेरच व्होल्टेज मोजून आतली वाहकता (करंट किती सहज जातो ते) जागोजागी किती आहे हे काढता येईल का, हा प्रश्न आल्बेर्तो काल्देरॉन या गणितज्ञाने १९८० मध्ये रिओ दि जानेरोला मांडला. मूळचा अर्जेंटिनाचा माणूस, गणितात शिरायच्या आधी तिथल्या सरकारी तेल कंपनीत इंजिनीअर होता, जमिनीत करंट सोडून खाली काय आहे ते शोधायचं यावरून त्याच्या डोक्यात हा प्रश्न आला आणि कित्येक वर्षं तो तसाच त्याच्याजवळ राहिला. १९८७ मध्ये सिल्व्हेस्टर आणि उलमन यांनी सिद्ध केलं की हो, त्रिमितीत (वाहकता फार खडबडीत नसेल तर) उत्तर एकच निघतं. म्हणजे तत्त्वतः बाहेरच्या मोजमापात आतली सगळी माहिती असते.

पण लगेच हुरळून जायचं कारण नाही. हे उत्तर भयंकर नाजूक आहे. बाहेरच्या मोजमापात केसाएवढी चूक झाली तर आतल्या चित्रात डोंगराएवढी होऊ शकते, आणि जितकं खोल जाल तितकं वाईट. एक्स-रे सरळ रेषेत जातो म्हणून सीटी स्कॅनला चित्र स्वच्छ मिळतं, करंट मात्र वाट मिळेल तिथे पसरतो. चकलीच्या डब्याला बाहेरून टिचक्या मारून आत किती उरल्यात ते ओळखायचं, तसला प्रकार आहे हा.

खडूस_पण_खरा
डबा उघडूनच बघतो आपण.

डॉ_चिमणी
@खडूस, त्यालाच बायोप्सी म्हणतात :)

परदेशी_पाखरू
गेली बरीच वर्षं इंग्लंडात शेफील्डला आहे, म्हणून या धाग्यावर पाऊल ठेवणं भागच होतं. बार्बर आणि ब्राऊन यांनी इथेच १९८४ च्या सुमारास अंगाभोवती इलेक्ट्रोड लावून करंटने आतलं चित्र काढायचं तंत्र दाखवलं. आज ते खरोखर वापरात आहे, पण फुप्फुसांसाठी. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या छातीभोवती पट्टा बांधतात, सोळा इलेक्ट्रोडचा वगैरे, आणि कुठल्या भागात हवा भरतेय, कुठे नाही, ते दर श्वासाला स्क्रीनवर दिसतं. मी हॉस्पिटलात फिजिओ आहे, रोज बघते. चित्र धूसरच असतं हं, पण तिथे धूसर चालतं कारण हवा भरली की अडथळा प्रचंड बदलतो आणि आपल्याला बदलच बघायचा असतो. स्तनात असा श्वासासारखा बदल मिळत नाही, एकदाच बघून ठरवायचं असतं की हा डाग वाईट की साधा.

रानजाई, दुसरी एक शाखा मायक्रोवेव्हची आहे. तेही टिश्यूच्या विद्युत गुणधर्मांवरच चालतं, फक्त फ्रिक्वेन्सी मोबाइलच्या आसपासची. इकडे ब्रिस्टल विद्यापीठात जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायच्या रडारवरून स्तनासाठी यंत्र बनवलं, पालथं झोपायचं आणि स्तन एका वाटीत ठेवायचा, दाबणं नाही. ट्रायल्स झाल्यात, पण एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) स्क्रीनिंगचं पत्र येतं ते अजूनही मॅमोग्राफीचंच.

ओहमकाका
पाखरू, मायक्रोवेव्हचा विषय काढलाच आहेस तर विस्कॉन्सिन आणि कॅलगरी विद्यापीठांचं २००७ चं काम सांगायलाच हवं, कारण रानजाईच्या 'डेन्स'चा थेट संबंध तिथे आहे. त्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेले शेकडो नमुने ०.५ ते २० गिगाहर्ट्झमध्ये मोजले. कॅन्सर आणि चरबी यांच्यात फरक दहापटीपर्यंत. वा! पण कॅन्सर आणि ग्रंथींची दाट ऊती यांच्यात फरक साधारण दहा टक्के. त्याआधी कितीतरी जण फरक मोठाच असणार असं धरून यंत्रं आखत होते, त्या सगळ्यांना कागदावर परत जावं लागलं.

म्हणजे बघ, डेन्स स्तनात मॅमोग्राफीला गाठ शोधणं जड जातं कारण दाट ऊतीही पांढरी दिसते आणि गाठही पांढरी, म्हणून नवं तंत्र हवं असतं, आणि नेमकं तिथेच या तंत्राचाही हात आखडतो. ज्या बाईला याची सगळ्यात जास्त गरज तिच्याच बाबतीत सिग्नल सगळ्यात कमी. हे मला फार लागलं होतं वाचताना.

कोकणकडा
सगळ्यांचं वाचलं. माझं थोडं वेगळं म्हणणं आहे आणि ते शहरातल्या मंडळींना कदाचित पटणार नाही.

मी सिंधुदुर्गातला. आमच्या गावाहून मॅमोग्राफी करायची तर पूर्ण दिवस मोडतो, एसटीचं भाडं, सोबतीला कुणीतरी, काजूच्या दिवसात तर बाई जाणारच नाही. तुम्ही म्हणता निम्म्यासुद्धा पकडल्या नाहीत, पण आमच्याकडे आज शून्य पकडल्या जातात, गाठ फुटून वास यायला लागल्यावर आणतात. भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर नव्याने झाला आणि ९८ हजारांच्या आसपास गेल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. हे प्रमाण बघा. असं असताना पिशवीत मावणारं, बॅटरीवर चालणारं, रेडिएशन नसलेलं यंत्र तीस-चाळीस टक्के जरी पकडत असेल तरी ते गावोगाव न्यावं. परिपूर्ण यंत्राची वाट बघत बसणं आम्हाला परवडत नाही.

तिखटमीठ
कोकणकडा, मुद्दा पटला. डॉक्टर, यावर काय?

निशिगंध
डॉक्टरांच्या आधी मी लिहिते.

कोकणकडादादा, तुमची तळमळ समजते, पण उरलेल्या साठ-सत्तर टक्के बायकांचं काय होतं ते मी घरात बघितलंय. माझ्या नणंदेला डाव्या बाजूला, काखेच्या जवळ, मटाराएवढं काहीतरी लागत होतं. कुठल्यातरी शिबिरात अशीच 'न दुखणारी' तपासणी झाली, यंत्र कुठलं होतं कोण जाणे, तिला एक छापील कागद मिळाला, वर हिरवी पट्टी आणि खाली 'सामान्य'. तो कागद तिने देवघराच्या खणात ठेवला. मी म्हणायची सोनोग्राफी करून घेऊ, ती म्हणायची अगं रिपोर्ट आहे ना आपल्याकडे. हाताला लागणारी गाठ आणि हातातला कागद यात तिने कागद खरा मानला, आणि तिचं काय चुकलं? छापलेलं होतं ना. पावसाळा गेला, दिवाळी गेली, निपल आत ओढल्यासारखं दिसायला लागलं तेव्हा उठली. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुई घालून बायोप्सी, आणि तोवर काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं, आज बरी आहे, भिशीला येते, पण जी ट्रीटमेंट थोडक्यात झाली असती ती वर्षभर चालली.

म्हणून हात जोडून सांगते, हाताला गाठ लागत असेल तर कुठल्याही यंत्राच्या 'सामान्य'वर थांबू नका.

डॉ_चिमणी
निशिगंध, नणंदेला माझा नमस्कार सांग. आणि तुझं शेवटचं वाक्य मॅमोग्राफीलाही लागू आहे. हाताला लागणारी गाठ असेल आणि मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी आम्ही तिथे थांबत नाही, सोनोग्राफी करतो, गरज वाटली तर बायोप्सी.

सिस्टर_ताई
कोकणकडादादांना उत्तर द्यायचा माझा हक्क आहे कारण मी आरोग्य उपकेंद्रातच काम करते.

यंत्र नसलं म्हणजे शून्य, हे मला मान्य नाही दादा. हात आहेत ना. सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करायची आहे, आम्हाला त्याचं ट्रेनिंग मिळतं. आणि ही काही नुसती समजूत घालायची गोष्ट नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाखावर बायकांवर याचा अभ्यास केला, दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी हाताने तपासायचं, यंत्र काही नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगते, पण गाठी आधीच्या स्टेजला सापडल्या. एवढ्या मोठ्या संख्येवर, एवढी वर्षं, मृत्यू कमी झाले का हे करंटच्या कुठल्या यंत्राने दाखवलंय?

माझा अनुभव असा की अडचण हात की यंत्र ही नसतेच. बाई ब्लाउज काढायला तयार होत नाही, ही पहिली अडचण. आणि गाठ सापडल्यावर पुढे पाठवायचं कुठे, सोबत कोण जाणार, ही दुसरी.

कोकणकडा
ताई, तुमचं म्हणणं मान्य. पुढे पाठवायचं कुठे हा प्रश्न तर आमच्याकडे सगळ्यात मोठा. पण हाताच्या जोडीला यंत्र द्यायला तर हरकत नाही ना? हाताला कळत नाही अशी लहान गाठ त्याला कळली तर?

डॉ_चिमणी
जोडीला द्यायला हरकत नाही, पण त्याने खरोखर भर पडते हे आधी कुणीतरी हजारो बायकांवर दाखवायला हवं. नाहीतर उलटही होतं. शंभर निरोगी बायकांत पाच जणींना खोटा ठिपका आला तर त्या पाच जणींनी एसटीने दिवस मोडून जायचं, रात्र रात्र झोप नाही, आणि पुढच्या वेळी खरंच बोलावलं तर त्या येणार नाहीत.

एक सूचना सगळ्यांसाठी. शिबिरांतली सगळी 'न दुखणारी' यंत्रं करंटवाली नसतात. काही दाब मोजतात, म्हणजे टिश्यू किती कडक ते बघतात, आयब्रेस्टएक्झाम हे त्यातलं. काही उष्णता बघतात, बंगळुरूची निरामय ही कंपनी थर्मल कॅमेरा आणि एआय वापरते. तत्त्वं वेगळी, पुरावे वेगळे. थर्मोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही असं एफडीएने जाहीरपणे बजावलंय. त्यामुळे आधी यंत्राचं नाव विचारा.

बाबाजी_लातूर
पुरुषांना पण होतो का हा?

डॉ_चिमणी
होतो. एकूण केसच्या साधारण एक टक्का. निपलच्या मागे गाठ लागली तर लाजू नका, दाखवा.

ओहमकाका
चिमणीताई, इतका वेळ तुम्ही या तंत्राला झोडताय म्हणून त्याची बाजू घेतो :) जिथे मध्ये काही आड येत नाही तिथे हे उत्तम चालतं. मार्जिनप्रोब म्हणून उपकरण आहे, एफडीएची परवानगी २०१२ च्या शेवटी मिळाली. गाठ काढली की सर्जन त्या काढलेल्या तुकड्याच्या कडेला टेबलावरच प्रोब टेकवतो, रेडिओ फ्रिक्वेन्सीचा प्रतिसाद बघून कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्यात का याचा अंदाज येतो. वाटलं तर तेव्हाच थोडं आणखी कापता येतं, पुन्हा ऑपरेशनची वेळ येण्याचं प्रमाण कमी होतं. तसंच मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरसाठी स्वीडनचं नेव्हिसेन्स, त्याला २०१७ मध्ये परवानगी मिळाली, तिथे तर तपासायची गोष्टच पृष्ठभागावर. म्हणजे १९२६ ला फ्रिके-मोर्स जे करत होते, थेट टिश्यूला इलेक्ट्रोड टेकवणं, ते आज ऑपरेशन थिएटरात पोचलंय. अडलंय ते फक्त बाहेरून आत डोकावण्यात.

डॉ_चिमणी
झोडत नाहीये हो काका! मला तर हे यावं असं मनापासून वाटतं. आपल्याकडच्या बायकांना हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने लवकरच्या वयात होतो, त्या वयात स्तन डेन्स असतात, मॅमोग्राफी कमी पडते हे मी रोज बघते. उद्या कुणी त्या दहा टक्क्यांच्या फरकातून खात्रीने गाठ काढून दाखवली तर पहिला फोन मी करीन. फक्त बाईच्या हातात 'सामान्य' असा कागद द्यायचा अधिकार पुराव्याशिवाय कुणाला नको.

तिखटमीठ
एक शंका, पाळीच्या तारखेचा या करंटवर परिणाम होतो का? माझे तर दर महिन्याला दगड होतात.

डॉ_चिमणी
होतो. पाणी धरलं जातं, रक्तपुरवठा बदलतो, तसा इम्पिडन्सही बदलतो. आणि हेच रानजाईच्या दुखण्याला लागू आहे. रानजाई, मॅमोग्राफी पाळी संपल्यावरच्या आठवड्यात घे, त्या दिवसांत स्तन कमी हुळहुळे असतात, बराच फरक पडतो. टेक्निशियनला आधीच सांग की मला फार दुखतं, ती हळूहळू दाबेल, आणि प्रत्येक फोटोला दाब काही सेकंदांचाच असतो. रेडिएशनची भीती असेल तर, एका मॅमोग्राफीला साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट, आणि नुसतं पृथ्वीवर राहून वर्षाला आपल्याला दोन-अडीच मिलिसिव्हर्ट मिळतच असतं. तुझी मावशी आणि डेन्स दोन्ही लक्षात घेता सोनोग्राफी जोडीला हवीच. आधीचे फोटो घेऊन जा, तुलना करायला फार उपयोगी पडतात, बायका नेमके तेच विसरतात.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शिबिरवाल्यांना पुन्हा फोन केला. यंत्राचं नाव काय आणि कॅन्सर असलेल्या किती बायका त्याने पकडल्या याचा छापील अभ्यास दाखवा म्हटलं. मुलगी बिचारी गोंधळली, सरांना विचारून कळवते म्हणाली, अजून कळवलेलं नाही. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीची अपॉइंटमेंट घेतली, चिमणीताई, तुम्ही सांगितल्या त्या आठवड्यातली. आता सोसायटीच्या कमिटीत विषय काढणार आहे की यंत्र राहू दे, हाताने तपासणारी शिकलेली बाई बोलवा. सिस्टरताई, त्यासाठी काय काय लागेल?

सिस्टर_ताई
पडदा असलेली वेगळी खोली, क्लबहाउसचा कोपरा नको. पलंग हवा, खुर्चीवर तपासणी अर्धीच होते. काखही तपासणार ना हे आधी विचारून घ्या. येणाऱ्या प्रत्येकीचं नाव आणि फोन वहीत, आणि ज्यांना पुढे पाठवायचं त्यांच्यापुढे कुठे आणि कधी ते तिथल्या तिथे लिहायचं. महिन्याभराने त्या वहीतल्या प्रत्येकीला फोन करायला एक बाई आत्ताच नेमा. स्वयंपाकाच्या मावश्या आणि वॉचमनच्या बायकोला पण बोलवा.

बीई_फायनल
ओहमकाका, सगळं वाचून आता एमटेकला याच विषयावर काम करावंसं वाटतंय. कातडीचा प्रश्न समजून घ्यायला सुरुवात कुठून करू? पेशंटचा डेटा तर मिळणार नाही.

ओहमकाका
पेशंट नकोच आत्ता. अगर-अगर आण, मीठ घालून पातेल्यात गोळा जमव, मधे जास्त मिठाच्या अगरचा लहान तुकडा पुर, तोच तुझा ट्यूमर. कडेने सोळा स्टीलचे स्क्रू लाव आणि मोज. मग त्याच गोळ्यावर जवळजवळ बिनमिठाच्या अगरचा दोन मिलिमीटरचा थर चढव, स्क्रू त्या थरापुरतेच टेकव, आणि तोच तुकडा पुन्हा शोधून दाखव. तुकडा दर वेळी एक सेंटिमीटर खोल नेत जा. आकडे आले की इथेच टाक, कॅल्क्युलसप्रेमींना पण बसवू सोबत.